मशिनं थांबली की ती जागी व्हायची

वसुबारस, तीन वर्षांपूर्वीची. वेळ संध्याकाळी पावणेपाच. ठिकाण सुरतेत, गोडादऱ्यातल्या कानाच्या डॉक्टरांचा दवाखाना. रक्कम अठराशे रुपये. हजर माणसं पाच: मी, माझी बायको सुमन, मुलगा प्रवीण, सून वैशाली आणि वैशालीच्या मांडीवर सोळा महिन्यांची दिव्यांशी, जिला घरात सगळे दिवू म्हणतात.

दिवूला ऐकू येतं की नाही हे सांगणाऱ्या तपासणीचे ते अठराशे रुपये. तपासणीचं मशीन चालवणाऱ्या बाई दिवाळीच्या सुट्टीवर निघाल्या होत्या, त्या लाभपाचमीच्या, म्हणजे गुजरात्यांच्या कामं पुन्हा सुरू करण्याच्या मुहूर्ताच्या, दुसऱ्या दिवशी येणार होत्या. डॉक्टर गुजराती, शांत माणूस. त्यांनी एकच अट सांगितली, "बेबी सूतेली होवी जोईए, काका." मूल गाढ झोपलेलं हवं, आणि खोलीत जराही आवाज नको.

मी हे वहीत लिहून घेतलं.  वैशालीने दिवूचं टोपडं सारखं केलं आणि पुन्हा सारखं केलं.

यंदाची वसुबारस परवा आहे. उधना स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षांच्या टपांवर बोचकी दिसू लागली आहेत. खानदेशातला माणूस सुरतेत कितीही वर्षं राहिला तरी दिवाळीला त्याचे पाय तापीकाठाने उलटे, पूर्वेकडे वळतात. आणि मग इथे ती गोष्ट घडते जी बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. लूम्सचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने एकामागून एक बंद होतात, आणि गोडादरा, लिंबायत, पांडेसरा इथली हवाच रिकामी होते. सुरतेत राहणाऱ्याला दिवाळी आधी कानाने कळते, आकाशकंदील नंतर दिसतो. वर्षभर ज्या आवाजाकडे कुणाचं लक्ष नसतं तो नाहीसा झाला की माणसं बोलता बोलता मध्येच थांबतात, जणू कुणी हाक मारली. दर वर्षी त्या क्षणाला मला ती नऊ दिवसांची दिवाळी आठवते. आयुष्यात मी खूप मोजलं आहे. पण ते नऊ दिवस मोजून संपले नाहीत.

तेव्हा आम्ही कारखान्याच्या डोक्यावर राहायचो. खाली चोवीस मशिनं, वर चार खोल्या, त्यांतल्या दोन आमच्या. भाडं कमी होतं, आणि प्रवीण खालच्याच कारखान्यात मशिनं दुरुस्त करायचा, त्यामुळे सोयीचंही. भिंतीवरचं कॅलेंडर दिवसरात्र थरथरायचं. ताटलीत मुरमुरे ठेवले की ते हळूहळू एका बाजूला सरकायचे. अशा घरात हाक मारण्याचा उपयोग नसतो. कुणाला काही सांगायचं तर जवळ जायचं, खांद्याला हात लावायचा, तोंड समोर आणायचं. थोडक्यात सांगायचं असलं तर हातानेच. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. मी स्वतः चौदा वर्षं लूम चालवले आहेत. खाली ओडिया, बिहारी, खानदेशी असे कारीगर. जेवायला बसले की तीन भाषा, मशिनं चालू झाली की भाषा एक, हाताची. दोन्ही हातांच्या तर्जन्या जोडून एकदम दूर नेल्या की 'तार तुटली'. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घोळवली की 'जोडून घे', कारण तुटलेल्या तारेला गाठ तशीच मारतात. मूठ तळहातावर ठेवली की 'बंद कर'. डोक्यावर पंजा ठेवला की 'सांभाळा, शेठ आला'.

दिवू त्या घरात जन्मली. आढ्याच्या कडीला जुन्या नऊवारीची झोळी बांधलेली असायची. वैशाली घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करायची. हात गोंदात, समोर साडी, आणि झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला. पाय हलत राहायचा, झोळी झुलत राहायची, खालून चोवीस मशिनांची अंगाई. दिवू अशी झोपायची की शेजारचे हेवा करत. मीही सांगत फिरायचो की आमच्या नातीइतकं गुणी मूल गोडादऱ्यात नाही.

मग सुमनच्या लक्षात आलं की मूल हाकेला वळत नाही. दोन्ही शेजाऱ्यांच्या पोरांनी वर्षाच्या आत 'आई', 'पापा' सुरू केलं, ही गप्पच. सुमन अहिराणीत मला विचारायची, "दिवूना आबा, तिले ऐकू येस का नही?" मी म्हटलं, अंदाजाने बोलू नये, नोंद ठेवू. चौदा वर्षं लूमवर काढल्यावर मी पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कोरा कपडा तपासायच्या टेबलावर लागलो होतो, आणि तिथे सोळा वर्षं झाली होती. काचेच्या टेबलाखाली दिवा असतो, वरून कपडा सरकत जातो, दोष दिसला की खडूने खूण करायची. माझी नजर त्या कामासाठी प्रसिद्ध आहे. तीच नजर मी नातीवर लावली. रविवार सोडून अकरा दिवस, रोज वेगवेगळ्या वेळी, तिच्या पाठीमागे चार पावलांवर उभं राहून तिला हाक मारली. हाका साठ. वळली चार वेळा.

माझ्या हिशेबाने हा आकडा बोलका होता. वहीच्या शेवटच्या पानावर मी कारणंही लिहिली होती. त्यांतलं पहिलं असं: 'आई दिवसभर टिकल्यांच्या कामात. मुलाशी बोलणं जवळपास नाही.' ते पान मी घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं. वैशाली ऐकत होती. तिने एवढंच म्हटलं, "आबा, ती रविवारी झोपत नाही." रविवारी कारखाना बंद असायचा, पण मी तेव्हा मिलमध्ये असायचो. मी ते ऐकलं, पण लिहिलं नाही, कारण प्रश्न ऐकण्याचा होता, झोपेचा नव्हता. ती आणखी दोनदा तेच म्हणाली होती असं मला पुढे आठवलं.

त्या वर्षी आम्ही गावी गेलो नाही. गावात शंभर माणसं विचारतील, पोर बोलत कशी नाही, आणि प्रत्येकाकडे एक तोडगा असेल. वैशालीच्या माहेरी, पारोळ्याकडे, आम्ही कळवलं की आबांना रजा नाही. रजा होती.

धनत्रयोदशीला दुपारी दीडच्या सुमाराला मशिनं थांबली. एकदम सगळी थांबत नाहीत. एकेक कारीगर आपलं मशीन बंद करतो, हात पुसतो, नारळ फोडतो. चोवीस, वीस, बारा, पाच. शेवटचं एक राहतं ते फार एकटं वाजतं. मग तेही थांबलं. मी जेवत होतो. घास हातात राहिला. आणि झोळी हलली.

दिवूला झोपून वीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती. ती उठून बसली, झोळीच्या कडेवरून तोंड बाहेर काढलं आणि आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग छपराकडे, मग फरशीकडे. घरातून कुणी मोठं माणूस उठून गेलं असावं आणि ते कोण, हे शोधत असल्यासारखं. शोधून झालं तेव्हा ती रडायला लागली. तिचं ते रडणं मला तोवर ठाऊक नव्हतं. मशिनांच्या आवाजात ते कधी पूर्ण ऐकूच आलं नव्हतं.

मला तरीही कळलं नाही. माणूस तीस वर्षं एकाच तऱ्हेने बघत आला की समोरचं दिसायला वेळ लागतो.

लक्ष्मीपूजनाला गल्लीत फटाके लागले. सुमनचं लक्ष पूजेत नव्हतं, दिवूवर होतं. दारासमोर सुतळी बॉम्ब फुटला. शेजारचं तान्हं किंचाळलं, कुत्री पळाली, आणि दिवू उंबऱ्यात बसून शांतपणे धूर बघत राहिली. दचकली नाही. सुमनने हातातला करंडा खाली ठेवला. मग ती वैशालीला म्हणाली, पोरीला नुसतं पायाने झुलवलंस, तोंडाने कधी झुलवलं नाहीस. हे तिने हळू म्हटलं होतं. वर्षभर मशिनांच्या आवाजात असलं बोलणं विरून गेलं असतं. त्या संध्याकाळी घरात शांतता होती, त्यामुळे ते सगळ्यांना नीट ऐकू आलं.

पाडव्याला सकाळी मी मुद्दाम काही न करता बसलो होतो. वैशालीचं काम सुट्टीतही चालू होतं. दिवू तिच्या शेजारी फरशीवर. तिच्या तर्जनीला एक टिकली चिकटली, तांदळाच्या दाण्याहून लहान, लाल. खिडकीतून ऊन येत होतं. तिने बोट उन्हात धरलं आणि भिंतीवर एक लाल ठिपका उठला. तिने बोट हलवलं, ठिपका हलला. थांबवलं, थांबला. मी सवयीने घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं ती तेवढंच करत होती. त्या अकरा मिनिटांत तिने दुसरीकडे पाहिलं नाही, काही मागितलं नाही. बघताना ती नुसती बघत होती. मधून तिचा श्वास मोठा व्हायचा, ओठ उघडायचे, आणि वैशाली हातातलं काम न थांबवता फक्त एकदा मान वळवून त्या ठिपक्याकडे आणि मग तिच्याकडे बघायची. दिवू लगेच आईकडे बघायची. दोघी एकच गोष्ट बघून आल्याची खात्री करून घ्यायच्या आणि पुन्हा आपापल्या कामाला.

मी सोळा वर्षांत लाखो मीटर कपडा डोळ्यांखालून घातला होता. अकरा मिनिटं एका ठिपक्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मी दोष बघत होतो. ही फक्त असलेलं बघत होती. आणि जिच्याबद्दल मी लिहिलं होतं की मुलाशी बोलणं जवळपास नाही, ती माझ्यासमोर मुलीशी सलग बोलत होती, डोळ्यांनी.

तेव्हा मी विचारलं, "वैशाली, रविवारचं काय म्हणत होतीस?"

तिने गोंदाची बाटली बंद केली. सांगितलं की रविवारी कारखाना बंद असला की दिवू झोपत नाही. सोमवारी पहाटे मशिनं लागली की पाच मिनिटांत झोपते. मध्येच लाइट गेली, मशिनं थांबली, की जागी होते. हे तिला दिवू तीन महिन्यांची असल्यापासून माहीत होतं. शेवटी म्हणाली, "ऐकू येत नसतं तर थांबलेलं कळलं असतं का, आबा?"

 तिचं बरोबर होतं. पण माझा स्वभाव असा की बरोबर असलेलंही तपासून घ्यावं लागतं. चोवीस मशिनं चालू असताना सगळी इमारत हादरते. दिवूला थरथर अंगाने कळत असेल, कानाने नाही, असंही होऊ शकतं. हे मी बोललो तेव्हा प्रवीणने कपाळाला हात लावला. सुमन म्हणाली, "तुमनी वहीमा काय लिखी राहिनात? पोर शे ती, टाका नही." टाका म्हणजे कापडाचा तागा. आमच्या घरात शिवीसुद्धा कापडातूनच येते.

सुट्टीत कारखाना राखायला सुदर्शन राहिला होता. ओडिशाचा, चाळिशीचा कारीगर. गावी दोन मुली, वर्षातून एकदा भेट, आणि त्या वर्षी तीही नाही. मी आधी शेठना फोन करून परवानगी मागितली. ते हसले आणि हो म्हणाले. दुपारी मी पेला काठोकाठ पाण्याने भरून झोळीखाली फरशीवर ठेवला. सुदर्शनने सर्वांत लांबच्या कोपऱ्यातलं एकच मशीन चालू केलं. मी गुडघ्यांवर बसून, गाल फरशीला टेकवून पेल्याकडे पाहिलं. पाण्यावर रेघ नाही. तळवा फरशीवर ठेवला, थरथर नाही. वर पोचत होता तो नुसता आवाज, एका मशिनाचा, दूरचा, खट् खट् खट्.

गेले दोन दिवस धड न झोपलेली दिवू नवव्या मिनिटाला झोपली.

मी जिन्यात उभ्या प्रवीणला मूठ तळहातावर ठेवून दाखवली, त्याने खाली सुदर्शनला. मशीन थांबलं. मी मनात मोजू लागलो. चारवर आलो आणि दिवूने डोळे उघडले.

त्या दुपारी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा. तिन्ही वेळा पाणी स्थिर, तिन्ही वेळा लगेच डोळे उघडे, पहिल्या दोन वेळा पाचाच्या आत. तिसऱ्या वेळी मला मोजता आलं नाही, आकडे डोळ्यांपुढे विरघळले. तीन वेळांचं मिळून मशीन सव्वीस मिनिटं चाललं. तेवढ्यात दीड मीटरच्या वर कापड विणलं गेलं. ते पुढे टाक्यात गेलं, रंगलं, विकलं गेलं. कुठेतरी कुणाच्या तरी साडीच्या निऱ्यांत माझ्या नातीची सव्वीस मिनिटांची झोप आहे.

पाडव्याला मशीन थांबवून सुदर्शन वर आला तेव्हा मी त्याला दिवूच्या पहिल्या दिवशीच्या रडण्याबद्दल सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही. म्हणाला, "उसका तो घर ही बंद हो गया था, काका." त्याचं बोलणं चालू असताना दिवूने माझ्याकडे पाहून डोक्यावर पंजा ठेवला. हे ती नेहमी करायची, मी कामावरून आलो की हमखास. आम्ही समजायचो केस सारखे करते. सुदर्शन हसत खाली बसला. त्याने विचारलं, हे तुम्हाला माहीत नाही का? ही तुम्हाला शेठ म्हणते.

मग एकेक उलगडत गेलं. जिन्याच्या वळणावर एक खिडकी होती, तिथून खालचा कारखाना दिसायचा. वैशाली रोज दुपारी तिथे बसून दिवूला वरणभात भरवायची. कारीगर खालून तिच्याकडे बघून हात करायचे, ती त्यांच्याकडे बघून. सुदर्शनला वाटत होतं की आम्हाला ठाऊकच आहे. तो सांगत गेला आणि दिवू करत गेली. अंगठा ओठाला, पाणी. मूठ तळहातावर, पुरे. दोन तर्जन्या जोडून एकदम दूर, तार तुटली. बाहुलीचा हात निघाला की ती ती खूण करायची. प्रवीण कामावर जायला निघाला की करायची. आम्ही ते पाहून टाळ्या वाजवल्या होत्या, आम्हाला तो खेळ वाटला होता.

मी साठ हाका मारल्या होत्या, पाठीमागून, चोवीस मशिनं चालू असताना, ज्या घरात कुणीच कुणाला हाक मारत नाही तिथे. ज्या कानांना जन्मापासून चोवीस मशिनांची सवय, ते एका सुतळी बॉम्बने कशाला दचकतील? टेबलाखालचा दिवा बंद ठेवून कपडा तपासला असता तर मिलमधून मला त्याच दिवशी काढलं असतं. मूल सोळा महिने बोलत होतं, आणि चौदा वर्षं ती भाषा बोललेला माणूस त्याच्या पाठीमागे उभा राहून वहीत फुल्या मारत होता.

भाऊबीजेला संध्याकाळी वैशालीचा भाऊ स्वतः आला, पारोळ्याहून, तिला न्यायला. तिने औक्षण केलं, पण गेली नाही. तपासणी व्हायची होती, आणि माहेरी काय सांगायचं हा प्रश्न होताच. तो गेल्यावर ती आतल्या खोलीत गेली. मी बाहेर बसलो होतो. आतून आवाज आला, दाबलेला, पदरात तोंड धरून रडल्याचा. मला एकदम सुचलं की हा आवाज या घरात पहिल्यांदा होत नसणार. मशिनांच्या आवाजात ती किती वेळा रडली असेल, याचा आकडा माझ्याकडे नाही.

दारात गेलो आणि तिथेच थांबलो. दिवू भिंतीला धरून धरून आईपर्यंत पोचली होती. तिने आईच्या तोंडावरचा पदर ओढला. हनुवटी दोन्ही हातांनी धरली आणि टिकलीचा ठिपका बघत होती तसं त्या तोंडाकडे बघत राहिली. घाई नाही, भीती नाही. मग तिने हनुवटी सोडली, दोन तर्जन्या एकमेकींना लावल्या आणि दूर नेल्या. तुटली. थोडा वेळ आईकडे पाहिलं. मग उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जवळ आणून, आईच्या गालाजवळ, फार नेमाने घोळवली. जोडून घे.

ही खूण सुदर्शनने आदल्या दिवशी दाखवली नव्हती. तिने ती स्वतः उचलली होती, खिडकीतून, वरणभात खाताना. कारीगर एकमेकांना दिवसातून पन्नास वेळा जे कापडाबद्दल सांगतात ते माणसाबद्दलही सांगता येतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सोळा महिन्यांचा जीव, तोंडात आठ दात, आईच्या चेहऱ्यावरून आतलं तुटलेलं वाचतो आणि त्याला गाठ मारता येते यावर विश्वास ठेवतो. मला देवळात कधी असं वाटलेलं नाही. मी चपला घालून उभा होतो, त्या काढल्या.

वैशाली रडता रडता हसली आणि तिने मुलीला जवळ ओढलं. तिने मला पाहिलं नाही. मी परत बाहेर येऊन बसलो.

पुढचे चार दिवस घर फार शांत होतं आणि त्या शांततेत दिवूला एकेक आवाज सापडत गेला. पत्र्यावर चालणारं कबुतर. मोरीतल्या नळाचा थेंब. कुकरची शिट्टी तिला आवडली नाही. एकदा खेळता खेळता तिच्या तोंडून "आ" निघालं आणि ती चपापून थांबली. इकडे तिकडे पाहिलं. पुन्हा "आ". मग हात गळ्यावर ठेवला. एखाद्या रविवारच्या रडण्यापलीकडे सोळा महिन्यांत तिला स्वतःचा आवाज धड ऐकू आला नव्हता, तो आपल्यातूनच येतो हे तिला त्या क्षणी कळत होतं. सुमन पोळी लाटायची थांबली. पोळी तव्यावर करपली आणि कुणी उठलं नाही.

आता तिला सव्वाचार वर्षं झाली आहेत. बालवाडीत गुजराती बोलते, आजीशी अहिराणी, सुदर्शनशी हिंदी, आणि भांडते मराठीत. पहिला शब्द त्या दिवाळीनंतर चार महिन्यांनी आला. तो 'दे' होता. कुणाच्याही मुलाचा असतो तसाच. तिचे कान जपायचे म्हणून आम्ही पुढच्या जूनमध्ये कारखान्यावरून हललो, दोन गल्ल्या पलीकडे. इथे मशिनांचा आवाज येतो, पण लांबून. गेल्या आठवड्यात प्रवीणवर मी कशावरून तरी तडकलो आणि मग गॅलरीत एकटा बसलो. दिवू आली, शेजारी बसली. आता तिला शब्द येतात, तरी ती काही बोलली नाही. माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि दोन बोटं घोळवली. मी आत जाऊन प्रवीणशी बोललो.

शेवटचं सांगायचं ते त्या तपासणीचं. लाभपाचमीचा दुसरा दिवस, सकाळी साडेदहा. हजर माणसं तीच पाच, आणि मशीनवाल्या बाई. दिवू झोपावी म्हणून प्रवीणने लूमचा आवाज मोबाइलमध्ये भरून आणला होता. तो लावला, ती झोपली. बाईंनी तारा चिकटवल्या आणि सांगितलं, आता आवाज बंद करा. बंद केला, दिवू जागी. पुन्हा लावला, झोपली. बंद केला, जागी. तिसऱ्या वेळी बाई हसायला लागल्या आणि त्यांनी डॉक्टरांना हाक मारली, "आ तो सांभळे छे, साहेब!" हिला तर ऐकू येतं.

डॉक्टरांनी माझी पेल्याची गोष्ट पूर्ण ऐकून घेतली. म्हणाले, तरी कान बघून घेऊ, आणि त्यांनी जागेपणी होते ती छोटी तपासणी करायला सांगितली. कानात मऊ बोंडी घालतात, मुलाने फक्त स्वस्थ बसायचं. दिवू आईच्या मांडीवर बसून बाईंचे हात बघत राहिली, हलली नाही. दोन्ही कान चांगले निघाले. डॉक्टरांनी सांगितलं, तिच्यासमोर बसून बोला, तोंड दिसू द्या, आणि हाताने बोलते तेही बंद करू नका. मग वैशालीकडे वळून म्हणाले की बेबी फार छान बघते, हे तिला कुणीतरी शिकवलंय.

अठराशेच्या जागी सहाशे झाले. बाहेर आलो. प्रवीण आणि सुमन रिक्षा बघायला पुढे गेले. चौकात टेम्पोंची रांग, हॉर्न, कुठेतरी नव्या वर्षाच्या मुहूर्ताचे फटाके. वैशाली दिवूला कडेवर घेऊन उभी होती. त्या वहीतल्या पानाचं मला काहीतरी बोलायचं होतं. सासऱ्याने सुनेला असलं काही म्हणायची आमच्यात रीत नाही, आणि म्हटलं असतं तरी त्या गोंगाटात ऐकू गेलं नसतं. मी तिच्या समोर जाऊन उभा राहिलो. आधी स्वतःच्या छातीकडे बोट केलं. मग दोन तर्जन्या जोडून दूर नेल्या. मग अंगठा आणि तर्जनी घोळवली.

वैशालीने मान खाली घातली. पदर तोंडाशी धरला, पण डोळे हसत होते. दिवू मात्र माझ्या हाताकडे नाराजीने बघत होती. लूम सोडून सोळा वर्षं झालेली, मी बोटं उलटी घोळवली होती. तशी गाठ बसत नाही. तिने वाकून माझा अंगठा पकडला आणि पुढच्या बाजूला फिरवला.

तर सहाशे रुपये मशीनवाल्या बाईंना, रोख. आणि दुसरं जे देणं होतं ते वैशालीला, दोन बोटांत, गोडादऱ्याच्या चौकात. पोच दिवूने दिली.